बयाबाईनं मागितलेली सूट

न्हाय न्हाय पावणं, ती यादी खिशातच ठेवा. मला नावं बी वाचून दाखवू नका. सात जण हायत म्हणता, गेल्या महिन्यात बाप्तिस्मा झालाय, त्यास्नी विश्वासात पक्कं करायला कोणतरी जाणतं माणूस पायजे — समजलं की. पास्टरांनी माझंच नाव सांगितलं आसंल. म्हणलं असतील, कृष्णातदादा लई चांगलं शिकवतात, एकेकाळी मंडळीत त्यांच्यासारखं कोण नव्हतं, आसंच न्हवं? पास्टरांचं काय चुकत न्हाय, ते नवीन आलेत, त्यांना काय ठावं. तुम्ही बी तरणं हाय, बायबल कॉलेजातनं नुकतं सुटलाय. बसा, च्या घ्या. पण काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. का म्हणून? का म्हणून काय — न्हाय म्हणलं की न्हाय.

आवो, तब्येत बरी हाय माझी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आजून आठ-आठ तास मशीनवर हुबा ऱ्हातोय. येळ न्हाय म्हणावं तर सोमवारची सुट्टी तशीच लोळून जाती. त्याच सोमवारी मी गावोगाव जायचो की. सहा-सात वर्सं गेलो. नव्या माणसांस्नी शिकवायला एक पुस्तक हुतं, अकरा धड्यांचं — प्रार्थना कशी करायची, पापाची माफी म्हंजे काय, जुनं जीवन आणि नवं जीवन — सगळं तोंडपाठ हुतं मला. आजून बी हाय. तीच तर पंचाईत हाय.

सयाजीचं सांगतो तुम्हाला, म्हंजे परत इचारणार न्हाय. बिद्रीजवळच्या एका वस्तीतला गडी. कारखान्यावर ऊस उतरवायला जायचा, आणि मिळंल ती दारू प्यायचा. बायकोला मारायचा, आणि — हे त्यानंच मला सांगितलं — आईला बी मारायचा. म्हाताऱ्या आईला, बयाबाईला. बायको हौसा, तिनं कुणाचंतरी ऐकून त्याला आमच्या प्रार्थनेला आणला. कसं झालं ते मला इचारू नका, पण त्या दिसापासनं त्यानं बाटलीला हात लावला न्हाय. नव्व्याण्णव साली वेदगंगेत बाप्तिस्मा झाला, आणि पास्टरांनी — तवाच्या — त्याला माझ्या हवाली केला. लिवता-वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकवली. चौतीस वर्सांचा बाप्या, पोरीच्या पाटीवर गिरवायचा. आणि प्रश्न काय इचारायचा! एकदा म्हणला, "गुरुजी, परभूनं मला माफ केलं, पण मी जिला मारलं तिनं कवा करायचं?" आता हे कुठल्या धड्यात हाय? मी म्हणलं, जाऊन तिलाच इचार. तर गेला. आईचं पाय धरून इचारलं. तिथनं पुढं रोज तिला आंघोळीचं पाणी तापवून द्यायचा, तिच्या केसातनं फणी फिरवायचा. मी डोळ्यांनी बघितलंय.

मी त्याचं नाव सगळीकडं सांगत फिरायचो. उभं ऱ्हाऊन साक्ष द्यायचो — सयाजीकडं बघा, परभूनं काय केलंय बघा. तोंडानं परभूचं नाव, आणि मनात आपलं — मी केलंय, मी. हे आजवर कुणाला बोललो न्हाय. तुमच्यापुढं कसं आलं काय म्हाईत.

मंग बयाबाईनं हातरूण धरलं. दोन हजार एक साल. मी सोमवारचा गेलतो. सयाजी उशाला, हौसा चुलीपाशी. म्हातारीनं मला जवळ बोलावलं. पोराला न्हाय हां — मला. म्हणली, "गुरुजी, तुमच्या देवानं माझं पोरगं मला माघारी दिलं. तुमचं उपकार हायत. आता एक सूट द्या. मी गेल्यावर मला अग्नी त्यानं देऊ दे. येवढंच. मंग तुमचं तुम्ही न्ह्या त्याला." तिला ठावं हुतं, तो माझ्या शब्दाबाहेर न्हाय. सयाजी माझ्याकडं बघत हुता. काय सांगायचं हुतं, पावणं? तुम्ही शिकून आलाय, तुम्ही सांगा. पुस्तकात जुन्या रीती सोडा येवढं लिवलंय. आईच्या चितेचं कुठं काय लिवलंय? काय बी न्हाय. मी पास्टरांना इचारू शकलो असतो. सयाजीवरच सोडू शकलो असतो. पण मी म्हणलं, "आक्का, ते जमायचं न्हाय. त्यानं सगळं सोडलंय." तिनं तोंड भिंतीकडं केलं. चौथ्या दिशी गेली.

मी हुतो तितं. मढं उचललं, भाऊबंद म्हणाले, सयाजी, मडकं घे. त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदा न्हाय, दोनदा. मी मान हलवली — न्हाय म्हणून. बहिणीच्या मालकानं अग्नी दिला. एकुलता एक पोरगा आंब्याखाली हुबा. त्या दिसापासनं भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. कुणी कामावर सांगावा धाडंना, पोरीच्या संगं कोण खेळंना. दोन महिन्यांनी हौसा पोरीला घिऊन माहेरला गेली. आणि मी? मी त्या ऐतवारी मंडळीत हुबा ऱ्हायलो आणि म्हणलो, बघा, आमचा सयाजी आईच्या मरणात बी डगमगला न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पावणं. टाळ्या.

च्या गार झाला तुमचा. असू दे.

दोन हजार तीनला माझा बाप गेला. पेठ वडगावला, आमच्या घरी. मी थोरला. आईनं — धोंडुबाई तिचं नाव — माझ्या पायावर डोकं ठिवलं. भावानं, आकारामनं, दार अडवलं, म्हणला, आज न्हाय म्हणलास तर आई जगायची न्हाय. मी... घेतलं मडकं. डोकं भादरलं. सगळं केलं. पास्टरांना म्हणलं, भावानं केलं, मी नुसता बाजूला हुतो. टोपी घालून आलो ऐतवारी. कुणी टोपी काढ म्हणलं न्हाय.

पण सयाजी आलता. त्याला कुणीतरी सांगितलं, तर दोन एसट्या बदलून आलता, पिशवीत बायबलातला नवा करार घिऊन. आकारामला इचारत हुता, "गुरुजी कुठं हायत? एकटं पडलं असतील." माझ्यासंगं हुबा ऱ्हायला आलता, बघा — मी जसा त्याच्यासंगं... आणि मी वाटंवर मडकं घिऊन पुढं चाललोय. त्यानं आरडाओरडा केला न्हाय. शेवटपातूर चालला. सगळं उरकल्यावर जवळ आला, म्हणला, "गुरुजी, तुमच्या आईनं मागितलं व्हय?" मी म्हणलं, व्हय. म्हणला, "माझ्या बी आईनं मागितलं हुतं." आणि गेला.

गावात जाऊन त्यानं डोकं भादरून घेतलं. आई जाऊन दोन वर्सं झाल्यावर. नदीवर जाऊन बसला, भावकीतल्यांस्नी म्हणला, आता करतो. ते हसले. म्हणाले, आता कशाचं करतोस? मंग पुन्ना प्यायला लागला. मी एकदा गेलतो. त्यानं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता म्हणला, बसा गुरुजी. मी पुन्ना गेलो न्हाय.

गेल्या साली सरला. लिव्हर. हौसा हितं आलती, ह्याच दारात. भावकी म्हणती, तो किरिस्ताव, आम्ही हात लावणार न्हाय. मंडळी म्हणती, त्यानं विश्वास सोडला, आमच्यात जागा न्हाय. ती म्हणली, "तुम्ही सांगा गुरुजी, पुरू का जाळू? त्यांचं सगळं तुम्हीच सांगत हुता." मी म्हणलं, "तुझ्या मनाला येईल तसं कर बाई." ती म्हणली, "हेच तवा म्हणायचं हुतं." मी तिच्यासंगं गेलो बी न्हाय. काय केलं तिनं, मला आजवर ठावं न्हाय.

काय म्हणता? माफी? ठावं हाय मला. सातवा धडा. पाठ हाय — वचनासकट म्हणून दाखवू? मी रोज म्हणतो. नुसतं तोंड हलतं.

न्हाय, डोळं मिटू नका. हात बी धरू नका माझा. प्रार्थना नगं हितं. उठा तुम्ही. जावा, म्हणतो न्हवं — जावा.