ताईंच्या दोन स्ट्रिप

नमस्कार मंडळी.

मी प्रदीप. इथल्या बऱ्याच जणांनी मला ह्याच नागरवाड्यात चड्डीत हिंडताना पाहिलंय. आता वासण्याला राहतो, वाघोडियाला कारखान्यात नोकरी करतो. ह्या शोकसभेत निर्मलाताईंबद्दल दोन शब्द बोल, असं त्यांच्या मुलाने, मकरंदने, मला सांगितलं. मी हो म्हणून बसलो आणि घरी जाऊन पस्तावलो. बोलता येत नाही म्हणून नव्हे. जे बोलायचंय त्याची भीती वाटते म्हणून. आत्ताही वाटते आहे. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझ्याआधीचे लोक जे बोलले ते सगळं खरं आहे. ताई रेल्वेत, बडोदा स्टेशनवर, आरक्षणाच्या खिडकीवर होत्या, आपल्या मंडळाचं वाचनालय त्यांनी वीस वर्षं चालवलं, जिभेच्या कडक आणि मनाच्या मायाळू. त्यांना पार्किन्सन होता, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्या कुणापासून लपवत नसत. हात थरथरायला लागला की म्हणायच्या, "थांबा, आमच्या हाताचं आटोपू दे." तुम्हाला ठाऊक नाही ते मी सांगतो.

मलाही पार्किन्सन आहे.

मनीषा, बसून राहा. उठू नकोस गं. मंडळी, माझी बायको आहे ती, तिसऱ्या रांगेत. ती हे तुमच्याबरोबरच, पहिल्यांदा ऐकते आहे. हे बरोबर नाही, मला कळतं. घरी सांगायला हवं होतं, दीड वर्षापूर्वीच. पण घरी तोंड उघडलं की ते मिटायचं. आज माईक हातात आहे, आता पळता येत नाही.

हे ओळखलं कुणी? ताईंनी. वाचनालयाच्या रजिस्टरात मी सही केली, तर चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "प्रदीप, तुझी सही मुंगीएवढी कधीपासून झाली रे?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दारापर्यंत चालून दाखव." चाललो. "डावा हात हलत नाही तुझा." मी म्हटलं, खांदा आखडलाय. "माझाही दोन वर्षं आखडला होता," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात मला रिक्षात घालून मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी नाव सांगितलं. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. मुलीचं लग्न जमायचंय. कारखान्यात मशीनवरून काढून कुठेतरी कोपऱ्यात बसवतील. बायको सोसायटीत काय सांगेल? हाच विचार. परतताना ताईंनी रिक्षात मला सगळं समजावलं. मेंदूत हालचालीसाठी एक द्रव्य लागतं, ते कमी पडतंय. गोळी ते भरून काढते. आजार बरा करत नाही, दिवस चालवते. "बरा होणार नाही, हे आत्ताच ऐकून घे, म्हणजे पुन्हा पुन्हा आशेला लागून निराश होणार नाहीस." अशा होत्या ताई. गोड करून सांगणं त्यांना जमायचं नाही.

मी घरी गेलो आणि गोळ्यांच्या खोक्यातला तो बारीक अक्षरातला कागद वाचला. मळमळ. चक्कर. भास. वाचून इतका घाबरलो की अकरा दिवस गोळीला हात लावला नाही. आणि मग लावला तो आपल्या पद्धतीने. आपल्या घरात काय शिकवतात? रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नाही, पित्त होतं. मी डबा संपवून, वरण-भात, दही, सगळं पोटात घालून, वर गोळी घ्यायचो. घरी असलो की दुधाबरोबर. महिना गेला, फरक शून्य. मी ताईंना म्हटलं, ही गोळी खोटी आहे. ताईंनी विचारलं, कशी घेतोस? मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, डाळ, दूध, दही तिला आत शिरूच देत नाहीत! मळमळलं तर एखादं बिस्कीट खा, पण गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. नाहीतर जेवून तास-दीड तास थांब. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे होतास?" कुठे होतो? त्या शिट्टीत होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वेळेवर गोळी घेतली आणि पाऊण तासाने माझ्या शर्टाचं बटण मी एका झटक्यात लावलं. बाथरूममध्ये उभा राहून रडलो.

आता पुढच्या गोळ्या आणायच्या कुठून? पहिल्या महिन्याच्या डॉक्टरांकडूनच मिळाल्या होत्या. चिठ्ठी माझ्या नावाची. वासण्याचा मेडिकलवाला आमच्या सोसायटीत राहतो, त्याची बायको मनीषाबरोबर भाजी आणायला जाते. मी ताईंसमोर हात जोडले. तेव्हापासून दर महिन्याला ताई स्वतःच्या गोळ्यांबरोबर माझी चिठ्ठी दाखवून माझ्याही गोळ्या आणायच्या. इथल्या कोपऱ्यावरचे मेडिकलवाले भाई विचारायचे, "बेन, आ भाई पोते केम नथी आवता?" स्वतः का येत नाहीत? ताई म्हणायच्या, "ए बहु बीझी छे." मला मात्र घरी आल्यावर ऐकवायच्या, "तुझ्यासाठी मी ह्या वयात खोटं बोलते आहे. हे किती दिवस?" मी म्हणायचो, लग्न जमेपर्यंत.

मनीषा, ताईंकडून दर महिन्याला भाजणी यायची ना? तू थालीपीठ करून म्हणायचीस, निर्मलाताईंच्या हाताला काय चव आहे. त्या पिशवीत भाजणीखाली माझ्या गोळ्या असायच्या. तू मला म्हणतेस, तुमचा चेहरा दगडासारखा झालाय, माझ्याशी बोलताना हसतसुद्धा नाही. तुला वाटलं मन उडालं. तसं नाही गं. हा आजार चेहऱ्यावरही बसतो. मी आत हसत असतो.

आता खरं सांगायचं ते. पाणी... नको, नंतर घेतो.

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने झाले की दाखवून नवी चिठ्ठी घ्या; ते ह्या दिवाळीच्या आधी भरले. मी टाळलं. त्यांच्या दवाखान्यात माझ्या कारखान्यातला एक जण भेटला होता, त्यामुळे पाय उचलत नव्हता. धनतेरसला पाहिलं तर पाचच गोळ्या उरलेल्या. भाईंनी ताईंना सांगितलं, जुन्या चिठ्ठीवर देणार नाही, नवी आणा, आणि माल तरी कुठे आहे, "लाभपाचम पछी," लाभपाचमीनंतर. आपल्या बडोद्याची दिवाळी तुम्हाला माहीत आहे. पाडव्यापासून पाच दिवस, लाभपाचमीपर्यंत, शटर खाली. डॉक्टरही गावाला गेलेले.

मोठ्या दवाखान्यांबाहेरची दुकानं उघडी असतात, मला माहीत होतं. तिथे दुसरे डॉक्टरही असतात. मी जाऊ शकत होतो. गेलो नाही. माझी आई म्हणायची, पाडव्याला औषध विकत आणलं की वर्षभर आणावं लागतं. मी ते धरून बसलो! ज्याला जन्मभर औषध आणायचंय, तो माणूस पाडव्याचा मुहूर्त टाळत होता. पण मंडळी, तो नुसता बहाणा होता. खरं कारण, तिथे खिडकीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं असतं की ही गोळी मला लागते.

मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "एकदम बंद करायची नसते ही गोळी, जिवावर बेतू शकतं. ये." मी पाडव्याला फराळाचं निमित्त करून आलो. ताईंनी स्वतःच्या दोन स्ट्रिप माझ्या हातात ठेवल्या. चष्मा लावून, त्यांच्या आणि माझ्या गोळीच्या ताकदीचा आकडा एकच आहे ना, हे दोनदा ताडून पाहिलं. मी विचारलं, ताई, तुमच्याकडे आहेत ना? म्हणाल्या, "आहेत रे. भरपूर आहेत."

मी त्यांचा गोळ्यांचा डबा उघडून पाहिला नाही. पाहावासा वाटला नाही. नसत्या तर मला परत द्याव्या लागल्या असत्या.

चौथ्या दिवशी सकाळी ताई अंथरुणातून उठू शकल्या नाहीत. अंग लाकूड झालं होतं. तरी हट्टाने न्हाणीघरात गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखाना, मग छातीत कफ, मग आपण सगळे इथे.

मी लाभपाचमीनंतर नवी चिठ्ठी घेतली, शहराबाहेर, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथून गोळ्या आणल्या, आणि दोन स्ट्रिप परत करायला दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर अश्विनी बसली होती. ताईंची सून. ताईंचा गोळ्यांचा डबा दर रविवारी तीच भरायची. ती रडत मला म्हणाली, "काका, दिवाळीच्या गडबडीत माझं मोजायला चुकलं. आईंच्या गोळ्या माझ्यामुळे संपल्या."

माझा हात खिशात होता. स्ट्रिप मुठीत होत्या. आणि मी काय म्हणालो? "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

मंडळी, मी असं म्हणालो. ऐकताय ना? त्यानंतर दोनदा ह्यांच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो. चहा पिऊन परत आलो. दहाव्याच्या दिवशीही ती कुणाला तरी तेच सांगत होती, माझं चुकलं, माझं चुकलं.

अश्विनी, वर बघ. तुझं चुकलं नाही. तू बरोबर मोजलं होतंस. वीस गोळ्या मी नेल्या. मकरंद, तुझ्या आईच्या वाट्याच्या वीस गोळ्या माझ्या पोटात गेल्या. त्यामुळेच त्या पडल्या का? डॉक्टर म्हणतात, तोल आधीपासून जात होता, नक्की कुणी सांगू शकणार नाही. मी त्या वाक्याला धरून झोपायचा प्रयत्न करतो. झोप येत नाही. तुम्ही दोघं मला जे म्हणाल ते मी ऐकेन. दार बंद केलंत तरी चालेल.

ताई, तुम्ही मला सगळं शिकवलंत. गोळी कशी घ्यायची, कधी घ्यायची, बंद का करायची नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही शिकवूनही मी शिकलो नाही. तुम्ही म्हणायचात, "आजाराला कसला घाबरतोस, तो तर आलेलाच आहे." मी आजाराला घाबरत नव्हतो, ताई. लोकांना घाबरत होतो. ह्याच लोकांना, जे आत्ता माझ्याकडे इतक्या मायेने बघताहेत.

अजूनही भीती वाटते. खोटं कशाला सांगू? आज घरी गेल्यावर मनीषा काय बोलेल, ह्याची वाटते. अजून पाच वर्षांनी मी कसा असेन, ह्याची तर फारच वाटते. आता विचारायला ताई नाहीत. तुमच्यात कुणाची सही बारीक होत असेल, कुणाचा हात हलत नसेल, तर त्यांनी माझ्यासारखं करू नये, एवढंच.

ताईंना माझा शेवटचा नमस्कार. आता आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहू या. साडेपाच होऊन गेलेत, माझ्या गोळीची वेळ झाली आहे, आणि ती चुकवलेली ताईंना चालणार नाही. मनीषा, मला पेलाभर पाणी आणून देशील? इथेच, सगळ्यांसमोर. शांततेत मधेच स्ट्रिप फोडल्याचा आवाज येईल, तर कुणी इकडेतिकडे शोधू नका. तो मी आहे.