गजकरणाची ट्यूब

हॅलो? … हां, बोल आरोही… अगं मोठ्यानं बोल, काय ऐकू येईना… न्हाय आत्याबाई, माझी बहीण हाय, माहेरनं, ईट गावावरनं… हो, टाकते भाकरी, आलेच… हां, बोल.

काय? उद्याच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जाणार न्हायस? … का? ताप हाय का? … मग? … तोंड? तोंडाला काय झालं?

हो, हो… अगं पुटकुळ्या सगळ्यांनाच येतात की! त्यापायी कुणी बीएस्सीचं वर्ष बुडवतं का? … हसत न्हाय गं… बरं, व्हिडिओ लाव… रेंज न्हाय? तुला बरोबर ह्याच वेळंला रेंज नसती.

मग तोंडानं सांग… लाल? … सगळं? … भाजल्यावानी? … आरोही, काय लावलंस तू? … काय न्हाय म्हणू नको. काय न लावता असं होत न्हाय… हळद. बरं… लिंबू. … आणि? … दात घासायची पेस्ट? अगं तोंड हाय का पितळंचा तांब्या?

आणखी काय? … बोल ना… कुठली ट्यूब?

…दादांची?

अगं ती गजकरणाची ट्यूब हाय! बापाच्या मांडीवरच्या गजकरणाचं औषध तू गालाला लावलंस? … कधीपास्नं? … दिवाळीपास्नं! … आणि आईला म्हाईत हाय? … आईनंच दिली. वा! आपल्या घरात एक ट्यूब आली की दादांचं गजकरण, आईच्या टाचा, शेळीची जखम, सगळं तिच्यातच.

हो, हो, पडला असंल फरक… पडतोच. आधी गोरं दिसतं, मग कातडी पातळ होती, आणि लावायचं थांबवलं की असं भडकतं… थांबवलंस कधी? … संपली म्हणून? म्हणजे अक्कल आली म्हणून न्हाय!

मला कुठनं म्हाईत? माझ्या नणंदंला धाराशिवला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं होतं की. तिचं बी असंच झालं होतं. तेव्हाच तुला सगळं सांगितलं. तू नुस्तं हूं हूं करत होतीस.

काय? … आईनं आज नवी आणली? … अगं ऐक ना… आरोही, ऐक! परत लावू नको. उद्यापुरती म्हणजे काय? उद्यापुरती लावलीस की परवापुरती बी लावशील. ती ठेव तिथंच, आणि डॉक्टरला दाखव.

वेळ न्हाय? … व्हय, सातची यष्टी, म्हाईताय मला. ती चुकली की जीप, ते बी म्हाईताय. पर तोंड धुवायला कितीसा वेळ लागतो गं? सकाळी उठल्यावर आणि कॉलेजातनं आल्यावर. साधं फेसवॉश, नुस्त्या बोटांनी, खसाखसा न्हाय. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. तोंड बरं झालं की उन्हात निघताना सनस्क्रीन. झालं! … फोडायची न्हाय पुटकुळी… एक बी न्हाय! … आणि तो स्कार्फ शेवटचा कधी धुतलास? … आठवत न्हाय? … अगं ईटपास्नं भूमपतोर रोज तेच फडकं तोंडाला गुंडाळतीस. धूळ त्यातच, घाम त्यातच. आल्या आल्या धुवून वाळत टाकत जा.

आणि ह्याच आठवड्यात धाराशिवला… हां, रविवारच्या आत… रविवारी काय हाय?

कोण पाव्हणे?

वाशीचे? तुला बघायला? … आणि त्यांना तुझा फोटो कुणी दिला? … कुठला? … मावशीच्या घरच्या लग्नातला? तू पांढरी फटक दिसत होतीस, त्यो? … अस्सं. म्हणून नवी ट्यूब आली. फोटोसारखं दिसायला.

दादा कुठं हायत? … फोन दे त्यांच्याकडं… जेवू देत की, जेवता जेवता ऐकतील. दे.

दादा, मी दैवशाला… हां, बरी हाय. तुमचे जावई बी बरे हायत… दादा, उद्या आरोहीचं प्रॅक्टिकल हाय… राहू दे म्हणजे? वर्ष जाईल तिचं! … लग्नानंतर शिकंल म्हणता? लग्नानंतर कुठलं कॉलेज, दादा? मला बी तसंच म्हणाला होतात. शिकले का मी? भाकऱ्या शिकले.

न्हाय, आवाज चढवत न्हाय… तुम्ही ऐका तर. ती ट्यूब तोंडाला लावायची न्हाय. पोरीचं तोंड सोलून निघालंय, बघितलंत का तुम्ही? … स्कार्फ बांधून बसती? घरात बी? … आणि तुम्ही विचारलं न्हाय, कशापायी?

पाव्हण्यांना काय सांगायचं? खरं सांगायचं… हो, सांगायचं! त्या फोटोतली पोरगी आपल्या घरात न्हायच, दादा. ती ट्यूबनं केलेली हाय. आपली हाय ती सावळी हाय, आणि तिला केमिस्ट्री येती… व्हय, येतोय मला राग! तुम्ही भूमच्या बाजारात मेंढरू विकताना कधी त्याचं खोटं वय सांगत न्हाय. अख्खा बाजार जाणतो. आणि घरच्या लेकराचा खोटा फोटो?

…दादा? … दादा, फोन ठेवू नका… हॅलो? … हॅलो?

कोण, आरोही? … दादा कुठं गेले? … जेवण तसंच टाकून? … लई चिडलेत का? … मग?

गाडीत पेट्रोल हाय का बघायला? … आत्ता?

काय म्हणाले जाताना? … ‘किती वाजता असती तुझी परीक्षा?’ … एवढंच?

…बरं.

बरं, तू रडू नको. खारं पाणी झोंबंल तोंडाला… मी? मी कशाला रडू? … सर्दी हाय मला… ठेव आता… अगं ठेव ना… न्हाय, आधी तू ठेव.