मचाणावरून दिसलेली हरणं

इंदूरहून सांवेरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक काका-काकू बसले होते. बाहेर सोयाबीनची शेतं सुरू झाली, तसे काका बोलू लागले.

"आमचे आजोबा शिकारीला जायचे, तेव्हा एका फेरीत किती हरणं दिसायची, माहीत आहे?"

"शंभर. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"ते लोकांना सांगायचं. खरं म्हणजे दोन-तीन दिसायची, ती पण दूर. कधी तर एकसुद्धा नाही. बंदूकवाल्यांची चाहूल लागली की पसार."

"अन आता, आपल्या मचाणावरून?"

"आता त्यांना भीती कोणाची? परवा सकाळी पूरा झुंड आला, प्रेमलता. वीस-बावीस तर असतील. पुढे मोठा काळवीट, मागे पिल्लं. बस, देखते रह जाओ."

"अन तुम्ही डबा वाजवला का नाही?"

"वाजवला ना."

"कधी?"

"त्यांचं खाऊन झाल्यावर."

"अहो, सोयाबीन आपलं आहे. मचाण राखणीसाठी बांधलंय."

"किनाऱ्याचंच खातात गं, थोडंसं. डबा हातात घेतला होता मी, पण एक पिल्लू माझ्याकडेच बघत होतं. बरं, तू राखणीला बसतेस तेव्हा किती दिसतात?"



"तुमच्यापेक्षा जास्त."

"ते कसं काय?"

"मी डबा घरीच ठेवून जाते."