केळीच्या बागेतला कोरस

दिपमालाच्या पत्राला शालिग्राम नानांनी उत्तर दिलंच नव्हतं. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं देवाचं संगीत नाटक त्यांनी तरुणपणी मराठीत आणलं होतं. त्यावर फिल्म करायला ती परवानगी मागत होती. ‘आपली गाणी कोण ऐकणार?’ म्हणून त्यांनी पत्र ठेवून दिलं. आज यावलच्या पोस्टात ते मास्क लावून रांगेत उभे होते, तर पुढच्या दोघांचं बोलणं कानावर आलं.

“दिपमाला, चर्च कुठून आणशील?”

“कापसाच्या जिनिंगचं रिकामं गोदाम! आवाज कसा घुमतो, ऐक तर एकदा.”

“आणि कोरस? कोरोनात गर्दी केली तर पोलीस उचलतील.”

“केळीच्या बागेत, समाधान! एका झाडाजवळ एक गाणारा. अंतर लावणीच्या वेळीच मोजलेलं!”

“मंग बठ्ठं तयार शे! सगळंच आहे, तर अडलं कुठं?”

“नानांच्या होकारावर. पुढच्या आठवड्यात घडांसकट खोडंही तोडतील.”

“दुसऱ्या कुणाकडून लिहून घे ना.”

“नको रे. रेडिओवर नानांची ही गाणी लागली की माझी आई भांडी घासायची थांबते.”

नानांनी घसा खाकरला. मास्क सारखा केला आणि ते पुढे सरकले.

खिडकीवर त्यांनी पोस्टकार्ड घेतलं, ‘गा पोरी, कापणीआधी,’ एवढंच लिहून सही केली, दिपमालाचा पत्ता घातला आणि तिच्या पाठीमागून हळूच पेटीत टाकलं.