ओली लगड

चूक सतीशकाकांची होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी माझ्याकडे बघायला नको.

बंदुकीच्या गोळ्या ओतायचं माझं विजेचं भांडं बुडातल्या नळीतून गळायचं. फेकण्यापेक्षा मी नळीत स्क्रू घट्ट बसवला आणि ठरवलं, यात आता फक्त भंगार शिसं वितळवायचं, पळीनं काढून लगडी पाडायच्या. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला मी काकांच्या गॅरेजमध्येच राहायचो, तिथेच हे उद्योग.

शिसं वितळलं आणि काका ताम्हन घेऊन हजर. "आज दसरा. पूजा न करता मशीन लावलंस?"

"काका, पाणी लांब ठेवा. ओलं काही आत गेलं तर शिसं उडतं."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये. पंचवीस वर्षं कॉम्प्युटर चिप्सच्या फॅक्टरीत इंजिनिअर आहे मी."

मी चिमटा शोधेपर्यंत त्यांनी आधी पाडलेल्या एका लगडीला हळदकुंकू लावलं, वर पळीभर पाणी सोडलं आणि "मोरया" म्हणून ती तशीच भांड्यात टाकली. मग नमस्कार करायला मागे सरले, म्हणून वाचले. पुढे मी होतो.

फाडकन आवाज झाला, अर्धं शिसं छताला. काकू धावत आली.

"बघ," काका तिला म्हणाले, "तुझा लाडका पुतण्या घरात बॉम्ब बनवतोय."

पाण्याची वाफ होते, एवढं या इंजिनिअरला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या डाव्या हातावर चार डाग आहेत, आणि त्या दसऱ्यापासून मी गाडीत झोपतो.