न वापरणारा एक

दंतवैद्याकडे पाच खुर्च्या, चार माणसं आणि एक बंद पंखा होता. त्यातली एक संशोधक ताई शेजारी बसलेल्या आपल्या कॉलेजातल्या भावाला पटवत होती.

"एआय न वापरणारे दहा विद्यार्थी घेतले होते. नऊ फुटले. तूही फुटलास तर माझा प्रबंध बोंबलला."

"म्हणजे आता घरात मला भाव आहे!"

"सत्र संपेपर्यंत तेवढं त्याचं तोंड बघू नकोस."

"नाही बघत गं. तुझ्यापायी तीन निबंधांत काठावर पास झालोय."

"गुणाचा माझा! तू ज्यात आहेस तो न वापरणाऱ्यांचा कंट्रोल ग्रुप म्हणजे काय, ते नीट कळलंय ना?"

"तू सांगितलंस ते डोक्यावरून गेलं. मग एआयलाच विचारलं. काय छान समजावतो गं! ताई, दाढ दुखतेय का?"

ताईनं आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, न वापरणारे शून्य."