सगळं हिरवं

पुतणी : काका, हे सगळं हिरवं कुणी केलं?

काका : मी. सकाळी तुझा कॉम्प्युटर उघडला, तर पडदाभर लालच लाल. सुतारकाम करतो की खाटीकखाना चालवतो, कळेना. बघवेना, म्हणून दाबलं.

पुतणी : काय दाबलं?

काका : जिथे जिथे 'झालं' लिहिलं होतं, तिथे तिथे बोट ठेवलं. अकरा कामं. एकेक दाबलं की टुणकन् हिरवं! जिवाला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

पुतणी : अहो, पण त्या अकरातलं एक तरी झालंय का?

काका : झालंच की.

पुतणी : वाचनालयाच्या पुस्तकांच्या मांडण्या? त्या झाल्या?

काका : झाल्याच म्हणायच्या. लाकूड आलंय.

पुतणी : काका!

काका : अगं, काय लाकूड आलंय ते बघ तरी. असं लाकूड दारात आलं म्हणजे अर्धं घोडं गंगेत न्हालं. उरलं काय? कापायचं, रंधा मारायचा, जोडायचं, घासायचं, पॉलिश करायचं...

पुतणी : उगाच नाही सगळा बाजार तुम्हाला झालंच-काका म्हणत.

काका : प्रेमाने म्हणतात गं.

पुतणी : ग्रंथपाल बाई प्रेमाने म्हणत नाहीत. मागच्या खेपेला टेबलं 'झालीच' म्हणालात. त्या बिचाऱ्या टेम्पो घेऊन आल्या, आणि टेबलांना पाय नाहीत! निघताना काय म्हणाल्या, आठवतंय?

काका : कशाला आता ते उकरून काढतेस?

पुतणी : म्हणाल्या, आता एकदाच संधी. पुन्हा असं झालं तर वाचनालयाचं काम दुसऱ्याकडे. वर्षभराचं काम आहे ते, काका. कारखान्यातली पाच माणसं त्यावर उभी आहेत. म्हणून तर पंधरा दिवस कामांची नोंद ठेवणारी ही तीन सॉफ्टवेअरं वापरून बघतेय. फुकटची मुदत आज संपते. आज एक निवडायचंच.

काका : आणि भिंतीवरच्या फळ्याने काय घोडं मारलंय?

पुतणी : त्या फळ्याला तुम्ही पाठ टेकून उभे राहता. परवा दोन गिऱ्हाइकांच्या तारखा तुमच्या सदऱ्यावरून घरी गेल्या.

काका : तुझ्या काकूने वाचून सांगितल्या की. तेही उलट्या उमटल्या होत्या तरी! आणि हे बघ, आपण कामात लबाडी करत नाही. वर एक जण बसलाय, त्याला सगळं ठाऊक आहे.

पुतणी : त्याला ठाऊक आहे हो, ग्रंथपाल बाईंना नसतं ना!

काका : बरं बाई, सांग. कोणकोणती आहेत?

पुतणी : पहिलं हे, तुम्ही हिरवंगार केलंत ते. त्यात तक्ते, आलेख, जे मागाल ते आहे. पण माणशी पैसे, दर महिन्याला.

काका : माणशी? आपला रंगारी वर्षातले चार महिने बहिणीकडे असतो, त्याचेही?

पुतणी : त्याचेही. दुसरं अगदी फुकट, पण तिघांपुरतं.

काका : मग प्रश्नच मिटला. माझं नाव काढ, त्या म्हाताऱ्या करवत्याचं काढ. तुम्ही तिघं चालवा.

पुतणी : तुमचं नाव काढून कसं चालेल? कुठलं काम कुठे अडलंय ते सगळं तुमच्या डोक्यात. ते कागदावर यावं म्हणून तर हा खटाटोप. आता तिसरं बघा. दिसायला साधं, आलेख-बिलेख नाहीत. पण माणसं कितीही असू देत, सबंध कारखान्याची एकच रक्कम, पहिल्याच्या पावपट. आणि एक काम लांबलं की त्याच्या मागची सगळी आपोआप पुढे सरकतात.

काका : त्याला विचार, पॉलिशच्या दोन हातांमध्ये किती दिवस सोडायचे?

पुतणी : त्याला काय माहीत? तुम्ही सांगायचं, ते लक्षात ठेवतं.

काका : म्हणजे अक्कल माझी, आठवण त्याची. जमेल आमचं! मग पहिलं कशाचे एवढे पैसे घेतं?

पुतणी : काम हिरवं झालं की ते गिऱ्हाइकाला आपोआप निरोप धाडतं, की... काका. वाचनालयाचं काम किती वाजता दाबलंत?

(फोन वाजतो. पुतणी स्पीकर लावते.)

ग्रंथपाल : नमस्कार. तुमचा निरोप आला, 'आपले काम तयार आहे'. चष्मा पुसून दोनदा वाचला. इतक्या आधी! टेम्पोवाला दारात उभा आहे, निघू ना?

पुतणी : काका, बोला.

काका : नमस्कार बाई. मांडण्या ना? त्या झा...

पुतणी : काका.

काका : ...नाही झाल्या.

ग्रंथपाल : नाही झाल्या? पुन्हा पाय राहिले वाटतं?

काका : पाय नाहीत, फळ्या नाहीत, काहीच नाही. लाकूड आलंय फक्त. हिरवं मी दाबलं, लाल बघवेना म्हणून. पोरीचा यात काही दोष नाही.

ग्रंथपाल : मग होणार कधी? आणि 'झाल्याच' म्हणालात तर मी फोन ठेवीन.

काका : जरा थांबा. पोरी, त्या तिसऱ्यात घाल. कापायला दोन दिवस. जोडायला तीन. घासायला एक. पॉलिशचे दोन हात, प्रत्येक हाताला सुकायला दोन दिवस. रंगारी सोमवारी येत नाही, तेही घाल. काय म्हणतंय?

पुतणी : तेवीस तारीख.

काका : बाई, तेवीस.

ग्रंथपाल : मला अठराचा शब्द दिला होतात.

काका : तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिला होता. हा मोजून देतोय.

ग्रंथपाल : ...सव्वीसला नवं दालन उघडतंय. तेवीस चालेल. टेम्पो परत पाठवते. आणि काका, इतक्या वर्षांत 'नाही झालं' हे तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

काका : रागावलात?

ग्रंथपाल : छे. पुढच्या वर्षीच्या खुर्च्यांचं बोलायला येईन म्हणते, तेवीसला. ठेवते.

पुतणी : काका, घाम पुसा. तिसरंच घेऊ ना?

काका : घे, घे. पण ते 'झालं' दिसलं की माझं बोट शिवशिवतं.

पुतणी : यात शब्द आपले घालता येतात. सांगा, पहिला काय लिहू?

काका : लाकूड आलं.

पुतणी : मग?

काका : होतंय.

पुतणी : आणि शेवटी?

काका : पायांसकट झालं.

पुतणी : लिहिलं. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही निरोप गेलेत, त्यांना फोन करून खरं सांगू. आता ती अकरा कामं पुन्हा लाल करते. बघवतील ना?

काका : कर बाई. वर बसलाय त्याला ती कायम लालच दिसत होती.

पुतणी : आणि फळा उतरवू?

काका : राहू दे. टेकायला लागतो.